दोमिनींची रायफल

बोकफोंतेनच्या चर्चमध्ये रुजू होण्याआधी एत्येन कॉनरादीने तिथल्या जुन्या पाद्र्याला रीतसर फोन केला. म्हातारा आता समुद्रकाठी मुलीकडे राहत होता आणि आवाजावरून तरी सुखात वाटत होता.

"माणसं चांगली आहेत," म्हातारा म्हणाला. "पाणी मचूळ आहे, रस्ता खराब आहे, ऑर्गनचे दोन सूर लागत नाहीत. आणि हे बघ, बंदुकीचा विषय निघाला की खोकला आल्यासारखं कर."

एत्येन मोठ्यांदा हसला. पलीकडून हसल्याचं काही ऐकू आलं नाही.

एत्येन केपकडच्या हिरव्यागार द्राक्षमळ्यांत वाढलेला. कारूच्या माळावर, जिथे मैलोन् मैल खुरटी झुडपं, मेंढ्या आणि आभाळ यांच्याखेरीज काही नाही, तिथे लोक वेळ कसा घालवतात याची त्याला कल्पना नव्हती. ती आली पहिल्याच रविवारी, आणि तीही त्याला नाही, त्याच्या बायकोला.

"तुझ्या लक्षात आलं का?" आनेली जेवताना म्हणाली. "मधल्या वाटेच्या उजवीकडे बसणारे लोक डावीकडच्यांशी बोलत नाहीत."

"घराणी एकत्र बसत असतील."

"कसली घराणी? ऊम सारेलची बायको उजवीकडे बसते आणि तिचा सख्खा भाऊ ऊम तैस डावीकडे. प्रार्थना संपल्यावर तिने भावाला टोस्टचा डबा दिला तो कसा, माहितीये? शालीखालून. जसं काही अफू देतेय."

ऊम म्हणजे काका. गावातला पन्नाशीपुढचा प्रत्येक पुरुष आठवडाभरात एत्येनचा ऊम झाला होता, आणि एत्येन सगळ्यांचा 'दोमिनी', म्हणजे पाद्रीबाबा. या सगळ्या काकांमध्ये दोनच खरे वजनदार. ऊम सारेल हा धिप्पाड, लाल मानेचा, चर्चच्या पंचांचा म्होरक्या. ऊम तैस सडपातळ, चष्मेवाला, बोलताना खिशातून लहानसं गणितयंत्र काढणारा. दोघांकडे हजारोंनी मेंढ्या, आणि दोघांच्या शेतांमध्ये एक कुंपण.

दुसऱ्या शनिवारी ऊम सारेलने नव्या पाद्र्याला घरी ब्रायला, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या मेजवानीला, बोलावलं. निखाऱ्यावर कोकराच्या फासळ्या चरचरत होत्या, उन्हं उतरली होती, बिअर थंड होती. समोरच्या टेकडीवर एक पांढरा ठिपका दिसत होता. ती लोखंडी पाटी, नऊशे मीटरवर, असं सारेलने सांगितलं. मग ओट्यावर पालथं पडून त्याने रायफल खांद्याला लावली, बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला आणि चाप दाबला. धडाका झाला. मग काहीच नाही. आणि मग, नेम चुकला असं वाटेपर्यंत, टेकडीवरून कुणीतरी लांब दूर चमच्याने पेला वाजवावा तसा आवाज आला: टिंग.

एत्येनच्या अंगावर काटा आला. आणि तो खोकायचं विसरला.

"मलाही शिकायला आवडेल," तो म्हणाला. "एखादी रायफल घ्यावी म्हणतो."

ऊम सारेलचा चिमटा हवेतच थांबला. त्याच्या बायकोने सॅलडचं भांडं उचललं आणि ती आत गेली.

"घ्या की," सारेल सावकाश म्हणाला. "कोणती?"

"म्हणजे... चांगली."

"दोमिनी, मी तुम्हाला कोणत्याही गोष्टीचा आग्रह करणार नाही. माणसाने आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने ठरवावं. फक्त एवढंच सांगतो, तीनशे आठ. माझ्या बापाने तीच वापरली. काडतुसं कुठल्याही खोपट्यात मिळतात. नळी तुमच्या नातवापर्यंत टिकेल. आणि गोळी कशी, जाड! मर्दासारखी जाते. ती साडेसहा म्हणजे काय, शिवणकामाची सुई. मेहुण्याला आवडते. असो. मी कुणाचं नाव घेत नाही."

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ऊम तैस पाद्रीघराच्या दारात उभा.

"सारेलने कान फुंकले असतील," तो खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला. "मी वाद घालणार नाही. आकडे बोलतील." आणि आकडे बोलू लागले, ते दुपारचा चहा होऊन गेला तरी थांबेनात. साडेसहाची गोळी सडपातळ, म्हणून वारा तिला कमी ढकलतो. धक्का कमी, म्हणून नेम हलत नाही. तीनशे आठ हजार मीटरला पोचेपर्यंत दमते, म्हातारी जिना चढल्यासारखी. "आणि नळी टिकते म्हणतात ना, ती टिकणारच. तिच्याने काही होत नाही, मग झिजेल कशाने? चुलीतली सळई पण शंभर वर्षं टिकते, दोमिनी."

तीनशे आठ म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी तेवढे भाग, जवळपास पावणेआठ मिलिमीटर; आणि साडेसहा म्हणजे साडेसहा मिलिमीटर. दोन गोळ्यांच्या जाडीतला फरक म्हणाल, तर तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. पण आधीचा पाद्री तीनशे आठ घेऊन बसला, तेव्हा डावीकडची अर्धी मंडळी तो निवृत्त होईपर्यंत शेजारच्या गावात प्रार्थनेला जात होती. रस्ता खराब का झाला, तेही एत्येनला आता कळलं.

त्या संध्याकाळी त्याने ठरवलं की घाई करायची नाही. सोमवारी ऊम सारेलने कोकराची एक मांडी पाठवली, 'नवीन घराला शकुन' म्हणून. मंगळवारी ऊम तैसकडून अख्खं अर्धं कोकरू आलं. बुधवारी उजवीकडच्यांचं बिल्टाँग, म्हणजे वाळवलेलं मांस, गुरुवारी डावीकडच्यांची सॉसेजं. फ्रीजचं दार लागेना.

"ठरलं का रे तुझं?" आनेलीने विचारलं.

"अजून अभ्यास चालू आहे."

"मग चालू दे. सावकाश कर. मी मोठा फ्रीजर मागवलाय."

एत्येनने अभ्यास केला, आणि असातसा नाही. नळी किती लांब असावी, आतले पीळ किती इंचांत एक फेरा घेतात, दस्ता लाकडाचा बरा की फायबरचा, चाप किती हलका असावा, दुर्बिणीत रेघा कोणत्या, बोल्टला खिट्ट्या दोन की तीन, यातलं त्याला सगळं समजलं. एकही गोळी न झाडता तो अशा थराला पोचला, की दूध उतू गेलं तरी आनेलीला वाऱ्याची दिशा सांगायचा. दोन्ही काका त्याला आळीपाळीने माळावर नेत, आपापली रायफल हाताळायला देत, आणि परतताना गाडीत काहीतरी कापडात गुंडाळलेलं ठेवत. त्याला कळत होतं की हे काही बरं नाही. पण त्याला हेही कळत होतं की केपच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याचा कुणी एवढा मान ठेवला नव्हता.

चर्च भरू लागलं. बोकफोंतेनमध्ये लोक एवढ्या एकाग्रतेने प्रवचन कधी ऐकत नव्हते. एका रविवारी तो सहज 'अरुंद दरवाजाने आत जा' यावर बोलला. डावीकडच्या बाकांवर कोपरं कोपरांना लागली. अरुंद! दोमिनी बारीक गोळीकडे झुकले! त्या रात्री ऊम तैसकडे ब्राय झाला आणि उजवीकडे सुतक.

एत्येनने घाबरून पुढच्या रविवारी एकदम निरुपद्रवी वचन निवडलं. 'वारा पाहिजे तिकडे वाहतो.' वाऱ्यावर कोण भांडणार? त्याने पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "योहान, अध्याय तीन, वचन आठ."

उजवीकडून समाधानाचा एक सुस्कारा उठला, बैल खाली बसताना सोडतो तसा. तीन, आठ! कुणीतरी पुटपुटलं, "मधलं शून्य दोमिनींनी मनात म्हटलं." डावीकडचे मात्र मुळीच हरले नव्हते. प्रवचनाचा विषय वारा होता, आणि वाऱ्यात तीनशे आठचं काय होतं हे पोरालाही ठाऊक. दारात हस्तांदोलन करताना ऊम तैस डोळा मिचकावून म्हणाला, "आकडा दिलात त्यांना, पण अर्थ ठेवलात आम्हाला. समजलं बरं का!"

एत्येन हे सगळं नदीपलीकडच्या चर्चच्या दोमिनी आपोलिसला सांगत असे. नदी म्हणजे कोरडी वाळूच. अलीकडे गोऱ्यांचं चर्च, पलीकडे मिश्र वंशाच्या, 'रंगीत' म्हणवल्या जाणाऱ्या लोकांचं. एकच श्रद्धा, एकच भाषा, एकच स्तोत्रसंग्रह. दोन्ही चर्च एक करावीत असा ठराव एत्येनच्या पंचांसमोर कित्येक वर्षं पडून होता.

"त्यावर का नाही भांडत तुमचे लोक?" आपोलिसने कॉफी ढवळत विचारलं.

"त्यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढच्या बैठकीत घ्यायचं."

"आणि गोळीच्या जाडीवर एकमत होत नाही."

"नाही."

"मग देवाचे आभार मान, कॉनरादी. एकमत झालं की तुमच्याकडे कामं अडतात." आपोलिस असा हसला की कॉफी बशीत सांडली. एत्येनही हसला, पण घरी येताना त्याला ते हसू बोचत राहिलं.

असं तळ्यात-मळ्यात किती दिवस चालणार? वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, चर्चचा वार्षिक बाजार भरायचा, आणि त्यात दुपारी नेमबाजी. दोमिनींनी पहिली गोळी झाडायची असा रिवाज होता. परवाना यायला महिने लागतात, म्हणून निर्णय मे संपायच्या आत हवा होता. इकडे आड तिकडे विहीर झालेला एत्येन एके दुपारी फ्लिपच्या दुकानात शिरला.

फ्लिपच्या दुकानात लोकर कातरायच्या कात्र्या, मेंढ्यांचं जंताचं औषध आणि बंदुका मिळायच्या. तो दोन्ही पक्षांना काडतुसं विकायचा आणि दोन्ही पक्षांशी बोलताना मान हलवायचा. बोकफोंतेनमध्ये त्याच्याइतका शांत माणूस नव्हता.

"फ्लिप, मला अशी रायफल दे की कुणी दुखावणार नाही."

फ्लिपने दार लोटून घेतलं. मागच्या तिजोरीतून त्याने एक रायफल आणली. जड नळी, करडा दस्ता, बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा. "सात-शून्य-आठ," तो कुजबुजला. "सात मिलिमीटरची गोळी. साडेसहापेक्षा जाड, तीनशे आठपेक्षा बारीक. अगदी मधोमध, दोमिनी. मोजून घ्या."

"मग ही कुणी घेत का नाही?"

"मधोमध आहे म्हणून," फ्लिप म्हणाला. पण एत्येनचे कान तोवर बंद झाले होते. मधोमध! त्याला वाटलं, हीच ती समेटाची वाट, जी आजवर कुणाला सुचली नाही. त्याने त्याच दिवशी कागदांवर सह्या केल्या. "कुणाला सांगू नको हं," असं तो म्हणाला, तेव्हा फ्लिपने छातीवर हात ठेवला. ती रायफल कशीबशी खपत होती. तो कशाला बोलतोय?

परवाना आल्यावर दूरच्या गावातल्या मैदानावर एत्येन शिकला. पहिल्या दिवशी त्याच्या पाच गोळ्या पाटीऐवजी टेकडीला लागल्या. मग एकदा, श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधीच्या त्या रिकाम्या जागेत चाप आपोआप सुटल्यासारखा झाला. आणि टिंग. त्या क्षणी त्याच्या डोक्यात ना पंच होते, ना प्रवचन, ना फ्रीजर. तो गवतात पडून राहिला. प्रार्थनेतसुद्धा त्याला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती, आणि हे त्याने आनेलीलाही सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव ऊम सारेलच्या माळावर. पॅनकेकच्या रांगा, लोणच्याच्या बरण्या, मेंढ्यांचा लिलाव. दुपारी मंडळी नेमाच्या जागी जमली, उजवीकडचे उजवीकडे, डावीकडचे डावीकडे. एत्येनने पेटी मधोमध ठेवून उघडली. त्याने एक लहानसं भाषणही पाठ केलं होतं.

ऊम सारेलने वाकून नळीवरची अक्षरं वाचली. ऊम तैसने चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे काय आहे?" सारेल म्हणाला.

"सात-शून्य-आठ," एत्येन म्हणाला. "मी विचार केला, की दोन्हींच्या मधलं..."

"ही आमच्याच काडतुसाचं तोंड दाबून केलेली आहे!" सारेलचा चेहरा मानेच्या रंगाचा झाला. "आमच्याच पोराचा गळा आवळलाय!"

"आणि आमच्याच गोळीला चरबी चढवलीय," तैस म्हणाला. "ही घ्यायला अभ्यास लागला तुम्हाला, दोमिनी? एवढे महिने?"

"माझी अख्खी मेंढी खाल्ली यांनी," सारेल म्हणाला.

"माझ्या दोन," तैस म्हणाला.

आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लोक सांगतात की हे दोघे शेवटचे थेट बोलले होते ते तैसच्या बहिणीच्या वाढदिवसाला, आणि तेव्हाही बोलला होता एकच, दुसऱ्याने केक फेकला होता.

एत्येनचं भाषण राहूनच गेलं. पळून जावं असं वाटत होतं, पण पहिली गोळी त्याचीच होती. तो पालथा पडला. डावीकडून वारा येत होता. पहिली गोळी गेली. पाटीच्या उजवीकडे धूळ उडाली.

"वारा!" ऊम तैस ओरडला. तो स्वतःला आवरू शकला नाही. "दोमिनी, झुडपं बघा ना! डावीकडे धरा, दुर्बिणीतली दीड रेघ!"

"दीड कशाला, एक पुरे," सारेल म्हणाला आणि गुडघे करकरवत एत्येनच्या दुसऱ्या बाजूला आडवा झाला. "जवळ जोरात आहे, खिंडीपुढे पडलाय."

"खिंडीतून पुन्हा जोर धरतो, सारेल. तुझ्याच शेतात राहून तुला माहीत नाही?"

"बरं... सव्वा."

"सव्वा चालेल," तैस म्हणाला.

एत्येनने सव्वा धरलं. श्वास सोडला. धडाका. बायकांनी पॅनकेक उलटायचे थांबवले. टिंग.

"नशीब," सारेल म्हणाला.

"निव्वळ नशीब," तैसने दुजोरा दिला. "त्या नळकांड्याने लागलं म्हणजे चमत्कारच."

नेमबाजी कुणी जिंकली हे संध्याकाळी कुणाच्या लक्षात नव्हतं. निखाऱ्यांभोवती उजवे-डावे एकत्र उभे होते आणि सगळे एकाच विषयावर बोलत होते: शिकलासवरलेला माणूस, आणि घेतलं काय! कुणी म्हणे केपकडच्या द्राक्षांनी डोकं हलकं होतं. कुणी म्हणे बायकोने सांगितलं असेल. ऊम सारेलची बायको भावाच्या शेजारी बसून उघड्यावर सगळ्यांच्या देखत त्याच्या ताटात सॉसेज वाढत होती. एत्येनला कुणी काही वाढलं नाही. तो दोमिनी आपोलिसबरोबर गाडीला टेकून उभा होता.

"एकी झाली तुमच्याकडे," आपोलिस म्हणाला. "अभिनंदन."

"माझ्या मूर्खपणावर."

"पायाचा दगड कोणता असावा हे आपण कुठे निवडतो?"

पुढच्या रविवारी लोक मिळेल त्या बाकावर बसले. प्रवचन कुणी फारसं ऐकलं नाही, दोघे-तिघे झोपलेसुद्धा. पंचांची बैठकही इतकी गोडीगुलाबीने झाली, की दोन चर्च एक करायचा ठराव चर्चेला येणार असं एत्येनला वाटू लागलं. तो एकमताने पुढच्या बैठकीत गेला. मांसही यायचं बंद झालं आणि आनेली खाटकाकडे जाऊ लागली. "घासाघीस करायचंच विसरले होते मी," ती म्हणाली.

ख्रिसमसच्या सुमाराला, भर उन्हाळ्यात, ऊम सारेल आणि ऊम तैस एकाच गाडीतून पाद्रीघरी आले. दोघांनी टोप्या हातात घेतल्या होत्या.

"दोमिनी," सारेल म्हणाला, "आम्हाला वाईट वाटतं. आपला पाद्री असल्या अवजारासकट माळावर दिसतो, शेजारच्या गावचे हसतात. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. वर्गणी काढून तुम्हाला एक धड रायफल भेट द्यायची."

एत्येन हेलावला. खरंच हेलावला. "तुम्ही माझा एवढा विचार केलात..."

"करणारच," तैस म्हणाला. "सगळ्यांचं एकमत आहे. साडेसहा."

सारेलने मान वळवली. "काय म्हणालास?"

"आपलं ठरलं ना, धड रायफल."

"धड म्हणजे धड. तीनशे आठ."

तैसचा हात गणितयंत्राच्या खिशाकडे गेला. सारेलची मान लाल होऊ लागली. एत्येनने दोघांकडे पाहिलं, आणि त्याला स्पष्ट दिसला तो शेजारच्या गावाचा खड्ड्यांचा रस्ता, आणि त्यावरून रविवारी सकाळी धूळ उडवत जाणारी अर्धी मंडळी. फ्रीजर पुन्हा भरेल हेही दिसलं. नाही म्हणायला तेही एक क्षणभर दिसलंच.

"नको," तो मोठ्यांदा म्हणाला. "मला माझीच हवी. सात-शून्य-आठ ही जगातली सर्वोत्तम रायफल आहे."

तैसचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"दोमिनी, तुम्ही थट्टा करताय," तैस म्हणाला.

"अजिबात नाही. उलट मी तर म्हणतो, तुम्ही दोघांनीही तीच घ्यावी. बारीक गोळी फार बारीक, जाड गोळी फार जाड. मी पुढच्या रविवारी त्यावर बोलणार आहे."

"चर्चमध्ये?" सारेल म्हणाला.

"चर्चमध्ये."

सारेलने टोपी डोक्यावर चढवली. तैसने त्याच्या कोपराला धरून त्याला दाराकडे वळवलं, आजाऱ्याच्या खोलीतून माणसाला बाहेर न्यावं तसं. एत्येन खिडकीशी उभा राहिला. फाटकापर्यंत दोघांची डोकी एकमेकांजवळ होती.

"मी आधीच सांगत होतो," सारेल म्हणत होता, "केपचा आहे."

"नाही रे, केपचं काय," तैस म्हणाला. "उन्हाने झालंय. गाडी मी चालवतो, तू वाटेतली फाटकं उघड."